जुना स्टुडिओ राखून शेजारी नवे बांधकाम करता येईल का?

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओच्या जागेवरून अनेक वर्षे वाद चालू आहे. तिथली एक वीटही हलवू नये, असे काहीजण म्हणतात. तर चित्रीकरण होत नसेल तर मालकाने त्या जागेचे करायचे काय, असा इतरांचा सवाल आहे. जुन्या वास्तू राखून उरलेल्या जागेत बांधकामाला परवानगी देता येते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : देता येते, मात्र काय राखायचे हे जागेचा व्यवहार होण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

पुरातन वास्तूंविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंनाच लागू होतो. आपले बहुतेक जुने स्टुडिओ १९३० नंतरचे असल्याने त्यांना आधार उरतो तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचा आणि त्यानुसार होणाऱ्या स्थानिक वारसा यादीचा. मुंबईसाठी १९९५ मध्ये झालेल्या वारसा नियमावलीत वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या गेल्या. त्यांतील ‘दोन-ब’ या श्रेणीत त्याच आवारात नवी इमारत उभारण्यास काही परिस्थितीत मुभा आहे. अट एवढीच, की उंची आणि दर्शनी भाग यांबाबत ती जुन्या वास्तूशी सुसंगत असावी. आपल्या प्रश्नाला उपयोगी पडणारी तरतूद हीच आहे. मालकाला जे बांधकाम करता येत नाही, त्याची भरपाई हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे टीडीआरच्या (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काच्या), रूपाने करण्याची सोयही त्या नियमावलीत आहे.

मतभेद खरा होतो तो काय राखायचे यावर. कमान, नावाची पाटी आणि दर्शनी भिंत ठेवून मागचे सारे पाडले, तर स्टुडिओ राखला असे मी म्हणणार नाही. स्टुडिओचा प्राण त्याच्या फ्लोअरमध्ये, म्हणजे सेट उभारून चित्रीकरण करण्याच्या दालनात, असतो. मूकपटांचे चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशावर चाले. १९३१ मध्ये बोलपट आले आणि बाहेरचा आवाज अडवणारी बंदिस्त दालने आवश्यक झाली. मध्ये एकही खांब नसलेली ती रुंदी, दिवे टांगण्यासाठी छताखाली ठेवलेली उंची आणि सेटचे भाग आत नेता येतील असा दरवाजा, हे सारे त्या कामाच्या गरजेतून घडले. फ्लोअर गेला की ते काम कसे होत असे हे दाखवणारा पुरावाच जातो. जयप्रभा १९४८ च्या जाळपोळीत जळाला आणि भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला. तेव्हा प्रत्येक वीट मूळचीच हवी हा आग्रह तिथे फारसा टिकत नाही, पण जागेची रचना टिकलीच पाहिजे.

प्रभात कंपनी १९२९ मध्ये आपल्याच शहरात स्थापन झाली, १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि तिच्या स्टुडिओत १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू झाली. वास्तूचा वापर चालू राहिल्यानेच ती आज उभी आहे. याउलट १९४८ मध्ये स्थापन झालेल्या चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ मध्ये ती जागा गृहबांधणी कंपनीकडे गेली. तिथे फ्लोअर जळाल्यानंतर राखण्यासारखे काय उरले, हा प्रश्नच मागे पडला. म्हणून वाट पाहणे मला धोक्याचे वाटते.

कोणत्याही अशा जागेसाठी मी दोन अटींचा आग्रह धरीन. पहिली, वापराची : फ्लोअर चित्रीकरण, तालीम किंवा प्रशिक्षण यांसाठीच राहावा आणि त्याचा खर्च नव्या इमारतीच्या उत्पन्नातून भागावा, हे करारात लिहिलेले असावे. दुसरी, क्रमाची : आधी जुन्या वास्तूची दुरुस्ती पूर्ण व्हावी, मगच नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळावे. हा क्रम उलटला तर दुरुस्ती पुढे पुढे ढकलली जाते आणि गळके छप्पर पडल्यावर वास्तू धोकादायक ठरवून पाडली जाते. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपण या दोन्ही अटी लेखी स्वरूपात मांडाव्यात आणि सोबत फ्लोअरची मोजमापे व छायाचित्रे जोडावीत.