वाईत राहून मालिकांच्या धंद्यावर संशोधन होईल का?

प्रश्न : मी वाई तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या भागात मालिका-सिनेमांचं शूटिंग सतत चालू असतं. माझ्या दिरांचा टेम्पो बरीच वर्षं त्याच कामावर आहे, आळीतल्या दोघीजणी क्राउडमध्ये, म्हणजे दृश्यातल्या गर्दीत उभं राहायला जातात. मला या धंद्यावर पीएच.डी. करायची आहे. एका प्राध्यापकांनी सांगितलं, ‘हा विषय मुंबईचा, तिथे तुमच्या ओळखी नाहीत. त्यापेक्षा मालिकांमधलं ग्रामीण स्त्रीचं चित्रण घ्या.’ काय करावं?
– एक शिक्षिका, वाई तालुका

उत्तर : ताई, चित्रणाचा विषय वाईट नाही. पण तो घेतलात तर तीन-चार वर्षं टीव्हीसमोर बसाल आणि दारातला टेम्पो प्रबंधाबाहेर राहील. मला तो टेम्पो प्रबंधात हवा आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. माझे वडील सांगलीतल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. रिळांच्या पेट्या आल्या की ते आधी फिल्म बोटांतून फिरवून तपासत, तुटली असेल तिथे जोडत. रोजच्या गल्ल्याचा हिशेब, म्हणजे डीसीआर, मॅनेजर लिहायचा. वितरकाचा माणूस शेजारी बसून तिकिटं मोजायचा. वडील मात्र घरी येऊन स्वतःची वही लिहीत : कुठल्या खेळाला किती माणूस होतं आणि का. ‘पाऊस.’ ‘हळदीचे पैसे आले.’ ‘मिरजेत उरूस, इकडे कोणी नाही.’ डीसीआरवर फक्त आकडा असे, त्यामागचं कारण वडिलांच्या वहीत असे.

लहानपणी त्या पेट्यांवरची गावं मी वाचायचो. सांगलीची पेटी बेळगावला जायची, लातूरला कधी नाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, ‘लातूर निझाममध्ये.’ हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी वितरकांच्या नकाशात मराठवाडा निझाम टेरिटरीत, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) आणि आपण गुजरात, बेळगाव, धारवाडसकट बॉम्बे टेरिटरीत. एका भाषेचा सिनेमा, पण तो विकायला निर्मात्याला तीन दारं वाजवावी लागत. ‘प्रादेशिक’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. धंद्याचा प्रदेश भाषेच्या प्रदेशासारखा नसतो, हे मला कुठल्याही सिद्धांताआधी त्या पेट्यांनी शिकवलं.

आता मुंबईतल्या ओळखींचं. मानववंशशास्त्रज्ञ सारा डिकी यांनी तमिळ सिनेमाचा अभ्यास मद्रासच्या स्टुडिओंत बसून केला नाही. त्या मदुराईच्या गरीब वस्त्यांत राहिल्या, प्रेक्षकांशी, चाहत्यांच्या मंडळांशी बोलल्या. १९९३ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक आजही वाचावं लागतं. त्याच शास्त्रातल्या लोटे हुक यांनी बांगलादेशातल्या एकाच मारधाडीच्या सिनेमाचा माग शूटिंगपासून गावोगावच्या थिएटरांपर्यंत काढला. तुम्हीही एकच शेड्यूल, म्हणजे शूटिंगचा एक सलग टप्पा धरा. युनिट गावात उतरल्यापासून शेवटचं बिल मिळेपर्यंत.

दीर फेऱ्यांचा हिशेब कुठल्या तरी वहीत लिहीत असतीलच, सुरुवात त्या वहीपासून करा. फेरीची तारीख, कुठून कुठे, किती तास, ठरलेलं भाडं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे हातात पडल्याचा दिवस. मालिकांच्या धंद्यात कलाकाराचं मानधन ९० दिवसांनी देण्याची रीत आहे. टेम्पोवाल्याला, जेवणवाल्याला किती दिवसांनी मिळतं? डिझेल तर आज भरावं लागतं. मधले दिवस कोण भागवतं : पतसंस्था, बायकोचं सोनं, की उसाचं बिल? माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा हा आहे. मालिकेला लागणारं भांडवल थोडंफार वाई तालुकाही पुरवतो का, हे याच आकड्यांवरून कळेल आणि ते मुंबईतल्या कुठल्याच ऑफिसात कळणार नाही.

टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यांतले प्रेक्षकही टीआरपीत मोजायला सुरुवात केली. २०१६ मध्ये कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, २०१७ मध्ये साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’. एकापाठोपाठ आलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं, असं मी म्हणणार नाही. ते तुम्ही तपासा. तसंच २०२१चा एप्रिल. राज्यात शूटिंग बंद झालं तेव्हा काही मराठी मालिकांनी गोव्यात मुक्काम हलवला. त्या महिन्यात दिरांच्या वहीत काय आहे, हे मला आत्ता वाचायला आवडेल.

आळीतल्या दोघींशी बोलाल तेव्हा जपून. त्यांना कोण नेतं, तो मधे किती ठेवतो, हे त्या सांगतील, पण छापून आलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना कॉल येणार नाही. मी एका लेखात थिएटरच्या एका डोअरकीपरचं नाव बदललं, पण त्याची बोलण्याची लकब तशीच ठेवली. आठवड्याभरात मालकांनी ओळखलं. तो माणूस पुन्हा माझ्याशी बोलला नाही आणि ते मला अजून लागतं. तेव्हा नाव, गाव, काम सगळं बदला आणि लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवा. दीर घरचे आहेत, हेही प्रबंधात उघड लिहा.

बाकीचं थोडक्यात. शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचे किंवा जनसंवादाचे सहमार्गदर्शक मिळतात का, विचारा. नुसत्या मराठी विभागात हा विषय चित्रणाकडेच ओढला जाईल. आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एकदा जाऊन या, पण सगळं तिथेच मिळेल अशा आशेने नको. तिथे चित्रपट जपले आहेत, टेम्पोवाल्याचा हिशेब त्याच्या घरातच असतो.

आणि घरात काही सुरक्षित नसतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या माळ्याखालच्या कपाटात शिरलं. वडिलांच्या सोळा वह्या होत्या, नऊ हाताशी राहिल्या. त्यांतही शाई फुटली आहे. आकडे लागतात, पण शेजारची ‘कारणं’ बऱ्याच ठिकाणी पुसली गेली. एवढी वर्षं वह्या घरातच आहेत म्हणून मी त्यांची नक्कल केली नव्हती. येत्या रविवारी टेम्पो दारात असेल तेव्हा दिरांना विचारून वहीच्या पानापानाचा मोबाइलवर फोटो काढा. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काही खरडलेलं असेल, तर त्याचाही.