पहिली ६०० ची बीआरएम मित्रासोबत करावी की एकट्याने?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, या मोसमात २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) झाल्यात, ४०० पुढच्या महिन्यात आहे. ६०० जिवलग मित्रासोबत करावी की एकट्याने, आणि झोपेचं गणित कसं बसवायचं, असे दोन प्रश्न आहेत.

एकट्याने करा. झोपेचं नंतर सांगतो.

जोडीदार असला की रात्र सरते, गप्पांत किलोमीटर निघून जातात वगैरे सांगणारे पुष्कळ भेटतील. २०० ला ते खरं आहे. साडेतेरा तासांत माणूस माणसात असतो. ६०० ला चाळीस तास मिळतात, आणि पंचविसाव्या तासाला सख्ख्या भावाचा खोकलासुद्धा सहन होत नाही. स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, ऐकीव नाही.

जानेवारी २०२३. पुणे–संकेश्वर–पुणे. शनिवारी सकाळी सहाला सुटलो, म्हणजे रविवारी रात्री दहाच्या आत परत. सोबत माझा मित्र, शाळेपासूनचा. सायकलिंगचं खूळ त्यानेच माझ्या डोक्यात घातलेलं, पहिली हेल्मेटसुद्धा त्याच्यासोबत जाऊन घेतलेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस होती. १२०० किलोमीटर, नव्वद तास, चार वर्षांतून एकदा. त्याला तिथे जायचं होतं. त्यासाठी त्या मोसमात २००, ३००, ४००, ६०० अशी सगळी माळ पुरी करावी लागते. मला पॅरिसबिरिस काही नव्हतं. मला फक्त ६०० हवी होती.

जाताना मजेत गेलो. जुना कात्रज, खंबाटकी, दुपारी साताऱ्याच्या पुढे दहीभात. तो चढाला माझ्यापेक्षा तगडा, मी सपाटीवर बरा, त्यामुळे हिशेब बरोबर जुळायचा. कराडनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. ज्यांनी गळीत हंगामात हा रस्ता रात्री चालवलाय त्यांना सांगायला नको: दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही की दिवा नाही, आणि गाणी अशी मोठ्याने लावलेली की ट्रॅक्टर आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. कोल्हापूरच्या अलीकडे गुऱ्हाळांचा वास. एरवी मला तो आवडतो, त्या रात्री पोटात ढवळलं. निपाणीपुढचा तवंदी घाट त्याने मला अक्षरशः ओढत नेला. पुढे राहायचा, मागे वळून दिवा दाखवायचा, पुन्हा पुढे. रात्री पावणेबाराला संकेश्वर, ३०० किलोमीटर. कार्डावर शिक्का मारला, डाळखिचडी खाल्ली, साडेबाराला परत फिरलो.

(हे मुद्दाम सांगतोय. त्याने काही केलंच नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही.)

कागलच्या आसपास तो झोपेत चालवायला लागला. हे दिसतं कसं, तर मागचा लाल दिवा हळूहळू डावीकडे सरकत जातो आणि एकदम झटक्याने सरळ होतो. मी ओरडायचो, तो म्हणायचा “जागाय, जागाय.” कोल्हापूर बायपासला त्याने दोन तास झोपू म्हणून विषय काढला. मी म्हटलं वीस मिनिटं. त्यावरून आमचं थोडं झालं. शेवटी किणी टोलनाक्याच्या पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलो. सव्वापाच वाजले होते, ३९० किलोमीटर. ताशी पंधराच्या हिशेबाने ३९० ला आठ वाजले तरी चालतात, म्हणजे पावणेतीन तास गाठीशी होते. पुढचा कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायचं ठिकाण, कराडला, पंचेचाळीस किलोमीटरवर, बंद होणार अकराला.

वीस मिनिटांचा गजर लावला. हवेच्या मशीनशेजारी फरशीवर, हेल्मेट उशाला घेऊन आडवे झालो. गजर झाला, मी उठलो. तो नाही उठला. हलवला, पाण्याचा हबका मारला. दोनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तू हो पुढं, मी येतो.”

मी झालो पुढे.

इथून आमचा वाद आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तो म्हणतो, मी असं बोललोच नाही. मी म्हणतो, बोललास. आमचे सायकलवाले याच्यावर दोन गटांत वाटले गेलेत. एकाने तर भर लग्नाच्या पंगतीत मला विचारलं, “काय, झोपलेल्याला सोडून आलात म्हणे?” बीआरएमचा पहिला नियम काय आहे? ज्याने त्याने स्वतःचं बघायचं. बाहेरून मदत घ्यायची नाही, पंक्चर स्वतः काढायचं, रस्ता स्वतः शोधायचा. मग झोपेतून उठवायची जबाबदारी तेवढी दुसऱ्याची कशी? चाळीस तासांनंतर एक मिनिट झालं तरी निकालात नाव येत नाही. दोघे बुडण्यापेक्षा एक तरलेला बरा. हे मी त्यालाही तोंडावर सांगितलंय.

पुढचं थोडक्यात. पावणेनऊला कराड. उंब्रजनंतर वारा समोरून. साताऱ्याला दुपारचे साडेबारा, तोपर्यंत करंगळ्या बधिर झालेल्या (दोन आठवडे शर्टाची बटणं बायकोने लावली). खंबाटकीच्या बोगद्याआधी मैलाचा दगड मला टोपी घालून बसलेला म्हातारा दिसला आणि मी त्याला “रामराम” म्हटलं. हसू नका, तुम्हालाही दिसेल कोणीतरी. शिरवळला नीरेच्या पुलावर थांबून रडलो, कारण आठवत नाही. रात्री नऊ बावीसला पुण्यात पोहोचलो. ३९ तास २२ मिनिटं. बीआरएमला नंबर नसतात, निकाल आडनावाच्या क्रमाने लागतो. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला एकाच यादीत. मला ही गोष्ट फार आवडते.

तुमची तयारी: ४०० नीट झाली तर ६०० होते. ४०० संपल्यावर सायकलवरून उतरून स्वतः दुचाकी चालवत घरी जाऊ शकलात, तर होतेच. दुचाकी चालवू नका मात्र, रिक्षा करा. झोप: पहिल्या रात्री दीड तास, एकाच ठिकाणी, छपराखाली. वीस-वीस मिनिटांचे तुकडे काही कामाचे नाहीत. पेट्रोल पंपाची फरशी तर नकोच. म्हणजे दोन तास झोपायचं तो म्हणत होता ते चूक नव्हतं. कोल्हापूरला साडेचारला थांबलो असतो तर मात्र कराडला धावपळ झाली असती, हेही तितकंच खरं. त्याने संकेश्वरला म्हणायला हवं होतं.

मित्रासोबत जायचंच असेल तर निघायच्या आधी घरी बसून ठरवा, की एकजण उठला नाही तर दुसरा किती वेळ थांबणार. आकडा ठरवा. तोंडी नको, मेसेज करून ठेवा. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. पहिलीपासूनची ओळख, काय ठरवायचं?

आणखी एक गोष्ट. सुरुवातीलाच लिहायला हवी होती. वजन वाचवायचं म्हणून आम्ही सामान वाटून घेतलं होतं. जादा ट्यूब आणि पॅच त्याच्याकडे, पंप माझ्याकडे.

तो पावणेसातला आपणहून उठला. म्हणजे कराडला चार तासांहून जास्त वेळ होता, आरामात झालं असतं. बघतो तर मागचं चाक बसलेलं. त्याने ट्यूब बदलली. हवा भरायला पंपावरचं मशीन वापरायला गेला तर ट्यूबचा वॉल्व बारीक, फ्रेंच. मशीनची नळी मोटारीच्या वॉल्वची, ती बसेना. शेजारच्या ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे तेच. मला फोन लावला. मी बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर टाकला होता. सव्वाआठच्या सुमाराला मागून एक सायकलवाला आला, त्याच्या पंपाने हवा भरली, आणि हा साडेआठला सुटला. कराडला अकरा वीसला पोहोचला.

मी कराडला पावणेनऊला फोन चालू केला तेव्हा त्याचा मेसेज आला होता: “पंप तुझ्याकडे आहे.” पंचेचाळीस किलोमीटर मागे जाणं शक्यच नव्हतं. नाक्यावर उभं राहून जाणाऱ्या एखाद्या टेम्पोवाल्याकडे पंप देता आला असता, असं आमची ही म्हणते. मला तेव्हा सुचलं नाही. मी चहा घेतला आणि निघालो.

आणि “तू हो पुढं” चं म्हणाल, तर तो काहीतरी म्हणाला एवढं नक्की. “हं” असेल.

नंतर त्याला त्या मोसमात दुसरी ६०० जमली नाही, आईचं आजारपण निघालं. पॅरिस राहिलं. आता २०२७ ला आहे, आणि तो या हिवाळ्यात पुन्हा २०० पासून सुरू करतोय, दुसऱ्या ग्रुपबरोबर. आम्ही बोलतो, तसं काही नाही. सायकलचं सोडून.

तुम्ही पंप आपापला घ्या. आणि फ्रेंच वॉल्ववर बसवायचं पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतं, अंगठ्याच्या नखाएवढं, वजन काहीच नाही. ते वॉल्वलाच लावून ठेवा, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. मी दोन घेतली होती. एक अजून तसंच पाकिटात आहे.