गार पाय, भरून येणारी पोटरी आणि गुठळीची भीती

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून : सासरे 64 वर्षांचे, साखर आहे, तंबाखू सुटलेली नाही, दोन्ही पाय गार असतात. कोल्हापुरात महाद्वार रोडवर थोडं चाललं की डावी पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की मोकळी होते. शेजाऱ्यांनी घट्ट मोजे घालायला आणि तालमीत तेल लावून पाय चोळून घ्यायला सांगितलंय. आणि तुमचा प्रश्न, रक्त नीट फिरत नाही म्हणजे गुठळी होणार का?

मोजे आणि चोळणं, तपासणी होईपर्यंत दोन्ही बंद ठेवा. "रक्ताभिसरण कमी आहे" हे एकच वाक्य आपण दोन वेगळ्या आजारांना वापरतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्यात पाय घालवू शकतो.

हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी रोहिणी अरुंद झाली की पाय गार पडतो, नडगीवरचे केस झडतात, चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते. सासऱ्यांचं वर्णन याच बाजूचं आहे. पायाकडून वर रक्त नेणाऱ्या खोल शिरेत गुठळी झाली (डीव्हीटी), तर पाय गार नव्हे, बहुधा कोमट, जड आणि सुजलेला असतो, आणि तोही सहसा एकच. नुसत्या गार पायांमुळे ही गुठळी होत नाही. ती होते ऑपरेशननंतर पडून राहिल्यावर, प्लास्टरमध्ये, कॅन्सरमध्ये, बाळंतपणाच्या आसपास, हार्मोनच्या गोळ्यांवर, कधी रात्रभराच्या मुंबई प्रवासातही. रोहिणीतही गुठळी होते, पण तिथे आतला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर रक्त गोठतं.

घरी दोन गोष्टी बघता येतात. पावलाच्या पाठीवर म्हणजे वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधल्या रेषेत मध्यावर, आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटं हलकी टेकवून नाडी लागते का ते पाहा. पावलाच्या पाठीवरची नाडी काही धडधाकट माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही जागा बघायच्या. सूज असेल तर गुडघ्याखाली नडगीचा जो उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. 3 सेंमीहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

दवाखान्यात एबीआय मागा. घोट्याचा वरचा बीपी भागिले दंडाचा वरचा बीपी. दंडाला 140 आणि घोट्याला 98 आला तर 0.7. 0.9 किंवा त्याखाली आलं तर रोहिणी अरुंद. 0.5 च्या खाली असताना घट्ट मोजा घातला तर कातडी मरून जखम होऊ शकते. साखरेच्या पेशंटच्या रोहिण्या कडक होतात, त्यामुळे आकडा 1.4 च्या वर गेला तर खूश होऊ नका, तो खोटा असतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

डॉपलरच्या (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) चिठ्ठीवर 'आर्टेरियल', म्हणजे रोहिणीचा, असं लिहिलंय ना, ते बघून घ्या. 'पायाचा डॉपलर' एवढंच सांगितलं की बऱ्याचदा फक्त शिरांचा होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरा आजार तसाच राहतो. पैसे जातात ते वेगळंच.

रोहिणीचाच आजार निघाला तर तंबाखू, मावा, मिश्री सगळं बंद. तंबाखू न सोडता बाकी उपाय म्हणजे गळक्या बादलीत पाणी. डॉक्टर बहुतेक स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रोहिणीत गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतील. चालायचं बंद करू नका, उलट रंकाळा तलावावर न्या : पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, बाकावर टेकायचं, दुखणं राहिलं की पुन्हा. अशी 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान तीन महिने. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही. रात्री दुखतं म्हणून पाय खाटेखाली लोंबता ठेवत असतील, तर आजार पुढे गेलाय, थांबू नका.

शिरेतली गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारी औषधं, बहुधा किमान तीन महिने. तिथे ॲस्पिरिनवर भागत नाही. सुजलेला पाय चोळला तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप, छातीत कळ किंवा थुंकीत रक्त आलं तर 108. तसंच पाय एकाएकी पांढराफटक, गार, बधिर पडला आणि बोटं हलेनात, तरीही लगेच मोठं हॉस्पिटल. साधारण सहा तासांत रक्त परत सुरू झालं तर पाय वाचण्याची आशा जास्त, म्हणून सकाळपर्यंत वाट बघत बसायचं नाही.