वाचकांचे प्रश्न : लायनर जाड आहे, पण हवाबंद आहे का?

प्रश्न : आम्ही एक टनाच्या जंबो बॅगेत (विणलेल्या कापडाच्या मोठ्या पिशवीत) मका पाठवतो. आत १०० मायक्रॉनचा पॉलिथिनचा लायनर, म्हणजे आतली पिशवी, असतो आणि पुरवठादार तो ‘हवाबंद’ असल्याचे सांगतो. तरी दीड महिन्याच्या प्रवासानंतर बॅगेत जिवंत सोंडकिडे निघाले. जाडी १५० मायक्रॉन केली तर काम होईल का?

होणार नाही. साधे पॉलिथिन पाणी आणि वाफ बऱ्यापैकी अडवते. ऑक्सिजनला मात्र ते जाळीसारखे असते. १०० मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनमधून दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण दीड ते दोन हजार घनसेंटिमीटर ऑक्सिजन आरपार जाऊ शकतो. डेटाशीटवर हाच आकडा ‘ओटीआर’ (ऑक्सिजन ट्रान्समिशन रेट) म्हणून दिलेला असतो आणि तो बहुधा शुद्ध ऑक्सिजन वापरून मोजलेला असतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असल्याने प्रत्यक्ष आत येणारा वायू त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा धरावा.

आता हिशेब करा. एक टनाच्या बॅगेचा पृष्ठभाग सुमारे ६ चौरस मीटर. ओटीआर १,५०० धरला तरी रोज जवळपास १.९ लिटर ऑक्सिजन आत शिरतो, म्हणजे महिन्याला ५७ लिटर. दाण्यांमधल्या पोकळीत सुरुवातीला जो ऑक्सिजन असतो (सुमारे ११० लिटर, हिशेब पुढच्या उत्तरात), त्याच्या निम्मा हा झाला. १५० मायक्रॉन केल्याने तो एक तृतीयांशाने घटेल, थांबणार नाही. याउलट ईव्हीओएच या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा पातळ थर असलेल्या बहुस्तरीय फिल्मचा ओटीआर ५ च्या आसपास मिळतो आणि तिची एकूण जाडी ८० मायक्रॉनही असू शकते. तोच हिशेब तिथे केला तर महिन्याला २०० घनसेंटिमीटरपेक्षा कमी ऑक्सिजन आत येतो.

किडे का जगले तेही यातच आहे. ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या खाली उतरून तिथेच टिकला तर प्रौढ किडे काही दिवसांत मरतात. अंडी आणि कोष त्याहून चिवट असतात आणि थंड मालात ही मुदत आणखी लांबते. तुमच्या लायनरमध्ये किडे जेवढा ऑक्सिजन वापरत होते, तेवढा बाहेरून भरून निघत होता. त्यांची वाढ मंदावली असेल, पण ते मेले नाहीत. (माल मुळातच कीडमुक्त आणि कोरडा असेल तर ऑक्सिजन फारसा उतरत नाही. ते पाहून घाबरू नका, तिथे तो वापरणारेच कोणी नसते.)

पुरवठादाराकडून लेखी मागायच्या गोष्टी अशा : ओटीआर, तो कोणत्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला मोजला, बाष्प पारगम्यतेचा आकडा, फिल्मचे थर आणि फूडग्रेड असल्याचा दाखला. आर्द्रतेचा उल्लेख नसेल तर आग्रहाने विचारा. ईव्हीओएच कोरड्या स्थितीत उत्तम अडथळा असतो, ओलसर झाला की ढिला पडतो. म्हणूनच तो पॉलिथिनच्या दोन थरांमध्ये ठेवलेला असतो.

प्रश्न : लायनरमध्ये ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या टाकल्या तर? एक टनाला किती लागतील?

एक टन धान्य सुमारे १.३ घनमीटर जागा घेते. त्यातली ४० टक्के पोकळी धरली तर ५२० लिटर हवा आणि तिच्यात ११० लिटर ऑक्सिजन. २,००० घनसेंटिमीटर क्षमतेच्या ५५ पुड्या झाल्या आणि दाण्यांच्या वर उरलेली हवा अजून मोजलीच नाही. पाच-दहा किलोच्या पाकिटाला पुड्या ठीक आहेत, जंबो बॅगेला तो खेळ परवडत नाही.

तिथे कार्बन डायऑक्साइड वापरावा. नळी लायनरच्या तळाशी सोडा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. वरचे तोंड थोडे उघडे ठेवून जुनी हवा बाहेर पडू द्या आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वरच्या तोंडाशी मोजा. सिलिंडरमधून वायू एकदम सोडला तर तो इतका थंड होतो की रेग्युलेटर गोठतो, म्हणून हीटर असलेला रेग्युलेटर घ्या आणि सावकाश भरा. २० अंश सेल्सिअसच्या वर ६० टक्के प्रमाण सुमारे ११ दिवस टिकले तर साठवणुकीतल्या बहुतेक किडी मरतात. खाप्रा भुंगेऱ्याची सुप्तावस्थेतली अळी याला अपवाद आहे. तिच्यासाठी एवढे पुरत नाही. भरल्यानंतर एक-दोन दिवसांत लायनर धान्याला घट्ट चिकटला तर ते चांगले लक्षण समजा. दाणे थोडा वायू शोषून घेतात, त्यामुळे तसे होते. भरताना जागा मोकळी आणि हवेशीर हवी. हा वायू खड्ड्यात, तळघरात साचतो आणि वासाने कळत नाही.

प्रश्न : हवाबंद लायनर वापरूनही गव्हाला आंबूस वास आला आणि वरचा थर ओला निघाला. पाणी शिरले कुठून?

बहुतेक वेळा पाणी शिरलेले नसते, तुम्हीच ते गव्हासोबत भरलेले असते. हवाबंद लायनर बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसाच आतला बाहेरही जाऊ देत नाही. दिवसा कंटेनरचे छत तापते, रात्री थंड पडते. गरम दाण्यांतून निघालेली वाफ लायनरच्या थंड बाजूवर जाऊन साचते आणि तिथून खाली ठिबकते. हवा नसल्याने बुरशी दबते, पण यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू हवेशिवायही वाढतात. आंबूस वास त्यांचा.

गहू, मका, तांदूळ १३ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली, कडधान्ये १२, सोयाबीन ११, शेंगदाणे ७ आणि तीळ ६ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेले असावेत. तेलबियांचा आकडा एवढा कमी का, असे पुष्कळ जण विचारतात. तेल पाणी धरत नाही, त्यामुळे तेवढ्याच टक्क्यांचे पाणी उरलेल्या भागात दाटते.

ओलावामापकावर भरवसा नसेल तर सोपी पडताळणी आहे. निरनिराळ्या पोत्यांतून घेतलेला नमुना एकत्र करून प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत अर्ध्याहून जास्त भरा, आत छोटे आर्द्रतामापक ठेवा आणि रात्रभर स्थिर तापमानात राहू द्या. सकाळी आकडा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर तो माल भरू नका. सरासरीवरही जाऊ नका. वीस पोती १२ टक्क्यांची आणि एक पोते १७ टक्क्यांचे असेल तर खराबी त्या एकापासून सुरू होते. ड्रायरमधून निघालेला माल गरम असतानाच भरणे ही दुसरी नेहमीची चूक. तो बाहेरच्या तापमानाच्या आसपास आल्यावरच तोंड बांधा.

ओलावा शोषणाऱ्या पिशव्यांनी हे निस्तरत नाही. २५ टन मालात १ टक्का जास्त ओलावा म्हणजे २५० किलो पाणी, आणि अशा पिशव्या थोडे किलोच पाणी धरतात. त्या कंटेनरमध्ये, लायनरच्या बाहेर लावाव्यात. लाकडी फरशी आणि प्लायवूडमधून येणाऱ्या दमटपणापुरता त्यांचा उपयोग.

प्रश्न : लायनरचे तोंड बांधावे की उष्णतेने सील करावे? आणि गळती कशी ओळखावी?

दोन्ही चालते. बिघडते ते घाईमुळे. सीलच्या पट्ट्यावर धान्याची धूळ असेल तर सील वरून पक्के दिसते आणि आतून वाट राहते. आधी दोन्ही पदर कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याच फिल्मच्या तुकड्यावर तापमान जुळवून घ्या. सील हाताने ओढल्यावर फिल्म ताणली जावी, पण सील सुटू नये. बांधायचे असेल तर ४० ते ५० सेंटिमीटर मान मोकळी सोडा, दाबून हवा काढा, मान पिळा, पिळलेला भाग उलटा दुमडून दोन ठिकाणी बांधा. केबल टाय वापरलात तर कापलेले टोक टोकदार राहते आणि फिल्मला भोक पाडते. रुंद रबरी पट्टी किंवा मऊ दोरी बरी.

मापाबद्दल एक सांगायला हवे. लायनर बॅगेपेक्षा थोडा मोठाच असावा, म्हणजे वजन विणलेल्या कापडावर येते. लहान लायनर धान्याने ताणला जातो आणि कोपऱ्यात शिवणीपाशी फाटतो. खालून माल काढायचे तोंड खरेदीदाराने मागितले नसेल तर घेऊच नका. हवाबंदपणाचा सर्वांत कच्चा दुवा तोच. ॲल्युमिनियम फॉइलचे लायनर ओटीआरला फार चांगले, पण वारंवार घडी पडली की त्यांना सुईच्या टोकाएवढ्या चिरा पडतात.

भरल्यावर व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून तोंड बंद करा आणि बॅग रात्रभर ठेवा. सकाळी लायनर सैल पडला असेल तर गळती आहे. शंका असलेल्या बॅगेत सुईवाल्या ऑक्सिजनमापकाने मोजा आणि भोकावर लगेच टेप लावा. फोर्कलिफ्टचे काटे, हूक, कंटेनरमधला खिळा आणि आतून पोखरणारे भुंगेरे, हे चार शत्रू. त्यांतले भुंगेरे सर्वांत फसवे. लहान धान्य-भुंगेरा प्लॅस्टिक कुरतडून बाहेर येतो, त्यामुळे तो मालात असेल तर आधी कीडनाश, मग पॅकिंग.

प्रश्न : आयातदार धुरीकरणाचे प्रमाणपत्र मागतो. हवाबंद बॅगा कंटेनरमध्ये रचून मग धुरी दिली तर चालेल का?

नाही. ऑक्सिजन अडवणारी फिल्म फॉस्फिन आणि मिथाइल ब्रोमाइड हे धुरीचे विषारी वायूही अडवते. कंटेनरमध्ये वायू फिरेल, दाण्यापर्यंत पोहोचणार नाही आणि प्रमाणपत्र मात्र मिळून जाईल. बंदरावर जिवंत कीड सापडली की त्या कागदाला अर्थ उरत नाही. धुरी लायनर बंद करण्याआधी मोकळ्या मालाला द्या, पूर्ण मुदत पाळा, हवा खेळवा, मग भरा. फॉस्फिनच्या गोळ्या लायनरमध्ये टाकून तोंड बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वायू आत अडकतो, आग लागू शकते आणि बॅग उघडणाऱ्याच्या जिवावर बेतते. कार्बन डायऑक्साइडचा उपचार चालेल का, हे आयातदार देशाच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) विभागाकडून माल भरण्यापूर्वी लेखी घ्या. लाकडी पॅलेट असतील तर त्यांच्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का हवाच. त्यात ‘एचटी’ (HT) असेल तर ती ५६ अंशांवर ३० मिनिटे उष्णतोपचार झाल्याची खूण.

प्रश्न : जंबो बॅगा घ्याव्यात की अख्ख्या कंटेनरचा एकच लायनर?

खरेदीदाराकडे माल उतरवायची सोय काय आहे, ते आधी विचारा. २० फुटी कंटेनरमध्ये एका थरात साधारण १० जंबो बॅगा बसतात, दोन थरांत २०. एक बॅग फुटली तर नुकसान एका टनाचे. एकसंध लायनर फाटला तर सगळ्या कंटेनरची हवा गेली. मोकळे धान्य फुंकून भरायचा नेहमीचा ‘ड्राय बल्क लायनर’ मात्र हवाबंद नसतो. तो बहुधा विणलेला असतो आणि त्याला चेन असते. माल स्वच्छ राहावा एवढ्यापुरता तो ठीक. हवाबंद हवे असेल तर पोती रचून भोवती अडथळा-फिल्मचा लायनर ओढून घ्यायचा प्रकार मागा. त्याआधी कंटेनरमध्ये शिरून दारे बंद करायला लावा आणि कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते पाहा. खिळे काढा, भिंतींना आणि फरशीला जाड पुठ्ठा लावा.

जंबो बॅगेवर ५:१ (ठरलेल्या भाराच्या पाचपट वजन पेलण्याची चाचणी) लिहिले असेल तर ती एका फेरीसाठी असते. पुन्हा वापरायची असेल तर ६:१ ची घ्या, पण लायनर दर वेळी नवा. धान्याची धूळ पेट घेऊ शकते, म्हणून स्थिर विजेच्या दृष्टीने बॅग आणि लायनर यांची जोडी एकत्र तपासलेली आहे का तेही विचारा. बॅग योग्य प्रकारची असूनही चुकीच्या लायनरमुळे ठिणगी पडू शकते.

कंटेनरच्या दारावर आतून आणि बाहेरून ‘आत ऑक्सिजन कमी, हवा खेळवल्याशिवाय शिरू नका’ असा फलक खरेदीदाराच्या भाषेत लावा आणि उघडण्याची सूचना मालाच्या कागदपत्रांसोबतही पाठवा.