अंड्याविषयीचे दोन अभ्यास : विश्वास कोणावर ठेवावा?

प्रश्न : २०१९ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने अंड्यांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो असे सांगितले आणि वर्षभरातच दुसऱ्याने रोज एक अंडे खाल्ल्याने धोका वाढत नाही असे म्हटले. सामान्य वाचकाने काय समजावे?

उत्तर : हे दोन अभ्यास वाटतात तितके एकमेकांच्या विरोधात नाहीत. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात २९,६१५ अमेरिकी प्रौढांमध्ये, रोजच्या आहारात अर्ध्या अंड्याची भर पडली की धोका ६ टक्क्यांनी जास्त दिसला; पण ही तुलनात्मक वाढ असून सुमारे १७ वर्षांच्या काळात ती शंभरामागे साधारण एका जादा रुग्णाइतकी भरते. शिवाय त्या लोकांचा आहार सुरुवातीला एकदाच नोंदवला होता, ही मला त्यातील मोठी उणीव वाटते. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात आहाराची माहिती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घेतली गेली. त्यातही अधिक अंडी खाणाऱ्यांच्या आहारात तांबडे मांस अधिक आढळले. असे इतर घटक गणिताने वेगळे काढावे लागतात आणि ते पूर्णपणे कधीच निघत नाहीत.

म्हणून केवळ निरीक्षणावर न थांबता, ठरावीक आहार देऊन केलेल्या प्रयोगांकडेही पाहावे. एका मोठ्या अंड्यात सुमारे १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, आणि आहारातून ते वाढले की रक्तातील एलडीएल (हृदयाला घातक ठरणारे, ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) सरासरीने थोडेच वाढते, कारण बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते व आहारातून अधिक आले की आपली निर्मिती काही प्रमाणात कमी करते. काही लोकांत मात्र ही वाढ बरीच जास्त होते. लोणी-तुपासारख्या पदार्थांतील संपृक्त चरबीचा परिणाम यापेक्षा मोठा असतो, कारण तिच्यामुळे रक्तातील एलडीएल उचलून घेण्याची यकृताची क्षमता घटते. त्यामुळे लोण्यात तळलेले अंडे आणि उकडलेले अंडे यांचा हिशेब एकच धरू नये. अंड्याऐवजी माणूस काय खाणार, हेही तितकेच महत्त्वाचे आहे : डाळी व सुकामेवा खाल्ला तर बहुधा लाभ होतो, प्रक्रिया केलेले मांस खाल्ले तर तोटा.

निरोगी माणसाने दिवसाला एक अंडे खाण्यास माझ्या मते हरकत नाही. मधुमेह असलेल्यांबाबतचे निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत. त्यांनी, तसेच एलडीएल आधीच वाढलेल्यांनी, प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी, कारण आपले शरीर अंड्याला कसा प्रतिसाद देते हे लाखो लोकांच्या सरासरीपेक्षा त्या तपासणीतून अधिक नेमके कळते.