काकू हरल्यावर लगेच विचारतात

"मॅडम, दिव्याची आई होती ना तिथे." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यावर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आईला बिलगून रडली, तो व्हिडिओ नागपुरात कोणी पाहिला नाही? बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांच्या आयांनी तो जरा जास्तच मनाला लावून घेतलाय. धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच तोंडून ऐकला: पोराला दुसऱ्या कुणाच्या भरवशावर परदेशी स्पर्धेला पाठवलं, म्हणजे आपण आई म्हणून कमी पडलो का?

या बाई बँकेत नोकरीला, नवऱ्याचं दुकान. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा अकरा वर्षांचा, बारा वर्षांखालच्या गटात, जॉर्जियाला निघालेला, तोही स्वखर्चाने. सोबत एक मोठं माणूस म्हणजे विमान, हॉटेल, जेवण सगळं डबल. म्हणून तीन घरांनी ठरवलं की एकाची आई, म्हणजे बाकी दोघांची 'काकू', तिन्ही पोरांना घेऊन जाईल, तिचा खर्च तिघांत वाटून. हिशेब चोख होता. तरी यांना झोप नव्हती. "ती बाई चांगलीच आहे हो, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं काही त्यांना सांगता येईना. मी मुलाला एकट्याला आत बोलावलं. पंधरा मिनिटं तो माझ्या टेबलावरच्या टाचण्या ओळीत मांडत बसला. मग खाली बघतच म्हणाला, "काकू मी हरल्यावर लगेच विचारतात. घोडा काऊन दिला म्हणून." आणि जरा थांबून, "त्यांचा मुलगा माझ्याच गटात आहे."

आईबापांनी पासपोर्टपासून तापाच्या गोळीपर्यंत विचार केला होता, याचा नाही. डावात प्रत्येक खेळाडूला नव्वद मिनिटं, वर दर चालीला तीस सेकंद. साठ चाली झाल्या तर चार तास सहज जातात. तेवढा वेळ ती बाई हॉलच्या बाहेर ताटकळणार. आतून एक पोरगा हसत येईल, एक रडत. स्विस पद्धतीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लागते, तेव्हा ही दोघं समोरासमोरही येऊ शकतात. त्या संध्याकाळी काकू कुणाची?

तिन्ही घरं एकत्र बसवली. सोबत जाणारी आई आधी दुखावली. "मी काय पोलीस आहे का?" मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मला कुणी विचारलं का, मला भीती वाटते का ते? तुमचं पोरगं हरलं तर खापर माझ्यावरच फुटणार ना!" कुणीच बोललं नाही. खरं होतं.

मग ठरलं. मूल स्वतः बोलेपर्यंत डावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हार-जीत घरी मूलच सांगेल. काकू फोनवर फक्त जेवण, झोप आणि तब्येत सांगणार. चुका काढायचा हक्क फक्त ज्याच्या त्याच्या नेहमीच्या कोचचा, तोही फोनवर. रोज प्रत्येकाने घरी बोलायचं ते खोलीत एकट्याने, दार लोटून. एकाला ताप आला तर बाकी दोघांना हॉलपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा निघाला; संघासोबतच्या कोचशी निघण्याआधीच बोलून घ्यायचं ठरलं. दोन्ही पालकांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र, विमा, डॉक्टरांची चिठ्ठी, ऐनवेळी कुणी गळालं तर त्याच्या वाट्याच्या पैशांचं काय, हे सगळं कागदावर आलं. पैशाचं आधी बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. नंतर त्यावरूनच बोलणं बंद होतं.

एक अट माझी होती. आधी याच काकूंसोबत पुण्याच्या एका रेटिंग स्पर्धेला दोन रात्री राहून यायचं. घराबाहेर कधी झोपलेलंच नाही अशा मुलाला मी थेट विमानात बसवू देत नाही, मग तिकीट वाया गेलं तरी चालेल. हा मुलगा पुण्याहून आला तो टूथब्रश विसरून, पण मजेत.

जॉर्जियातल्या चौथ्या फेरीत तो हरला. आईने मला नंतर सांगितलं, "फोनवर म्हणाला, हरलो. मग मोजे कुठे ठेवलेत ते विचारलं. काकू काही नाही बोलल्या म्हणे." आणि ओशाळून हसत, "मॅडम, माझ्याच तोंडात आलं होतं, घोडा दिला का रे? कसंबसं गिळलं."