आईची सरस्वती आणि बडोद्याचा एक दिवस

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. तिच्या देवघरात पणजीच्या वेळची रविवर्म्याची सरस्वती आहे, छापील. आता ती कडेनं झिजली आहे. मूळ चित्र बडोद्याला आहे हे कळल्यापासून आई "एकदा दाखव" म्हणून मागे लागली आहे. तिचे गुडघे दुखतात. बरोबर बारा वर्षांचा मुलगा असेल, त्याला म्युझियम म्हटलं की झोप येते. हाताशी एकच दिवस आहे. काय बघावं? आणि घरच्या चित्राचं काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आईंना निघण्याआधीच सांगून ठेवा की मूळ सरस्वती देवघरातल्या सरस्वतीसारखी दिसणार नाही. माझ्या आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सातआठ वर्षांची असेन. दांडिया बाजारातल्या आमच्या घरून तिचं बोट धरून गेले होते. महाराजा फतेहसिंह म्युझियमच्या दारात तिनं चपला काढल्या, चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हिची साडी मळकी का गं दिसते?" घरी येईपर्यंत मग एक अक्षर बोलली नाही.

त्याचं उत्तर मला पुढे फाइन आर्ट्सला लिथोचा, म्हणजे चित्रं छापायचा, दगड हाताळताना मिळालं. छापील चित्रात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रंग एकावर एक चढवत नेतात, मग वर व्हार्निश, आणि कॅनव्हाससारखा खरखरीतपणा यावा म्हणून कागद दाबून काढतात. भिंतीवर लांबून उठून दिसावं म्हणून सगळं भडक. मूळ चित्र १८९६ चं आहे, तेलरंगातलं. त्यातला पांढरा नुसता पांढरा नसतो, त्यात पिवळट, करडा, सावलीचा निळसर असे कितीतरी पांढरे असतात. आजी आयुष्यभर एकच पांढरा बघत आली होती. आईंना म्हणावं, आधी साडीचा काठ आणि वीणेवरची बोटं बघा, चेहरा नंतर. म्युझियममध्ये एवढं एकच चित्र नीट बघून झालं तरी माझ्या मते खेप वसूल.

पण जमल्यास सकाळी आधी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे चार मजली राहतं घर. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतीभर चित्रं आहेत : कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रजांची लढाई. त्यांत कुणाची सावली पडत नाही, सगळा कारभार रेषेचा. आणि मग १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास दिवाण सर टी. माधवरावांनी रविवर्म्याला इथे बोलावलं. त्याच्या चित्रांत एका बाजूनं उजेड, दुसरीकडे सावली, हाडामांसाची माणसं. मी पोरींना नेहमी वाडा आधी दाखवायचे. रविवर्मा आधी बघितला की वाड्यातली चित्रं उगाच 'चुकलेली' वाटतात, आणि ती अजिबात चुकलेली नाहीत.

चित्रं वर आहेत आणि जिना जुन्या वाड्याचा, म्हणजे चढा आणि अरुंद. आईंना नाही जमलं तर त्या खाली बसतील, मुलाला घेऊन तुम्ही वर जाऊन या. हट्ट करून चढवू नका. दिवस म्युझियमसाठी राखायचा आहे.

हे म्युझियम लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आहे. मुळात ती राजवाड्यातल्या मुलांची शाळा, १९६१ मध्ये तिचं म्युझियम झालं. मुलांसाठी आवारात छोटी आगगाडी होती, रूळ अगदी वीतभर अंतरावरचे. तुमच्या चिरंजीवांची झोप तिच्या गोष्टीनं उडेल. तरी पेंगलेच, तर कमाटीबागेतल्या (सयाजीबागेतल्या) दुसऱ्या म्युझियममध्ये न्या. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे, सत्तर फुटांहून लांब.

खुद्द राजवाडा मँट नावाच्या इंग्रजानं आखला. काम पुरं व्हायच्या आतच तो वारला, मग चिझम या दुसऱ्या इंग्रज वास्तुरचनाकारानं १८९० मध्ये तडीस नेलं. गायकवाड कुटुंब अजून तिथेच राहतं, त्यामुळे ठरावीक भागच बघता येतो. दरबार हॉल भव्य आहे, पण चालणं फार. आईंच्या गुडघ्यांपुढे मी राजवाडा गाळीन. याच राजवाड्यासाठी रविवर्म्यानं चौदा पौराणिक चित्रं केली. ती भिंतींवर चढण्याआधी गावातल्या लोकांना बघायला ठेवली होती, आणि तेव्हा झुंबड उडाली होती म्हणतात. ही चित्रं छापून घरोघर न्या, ही सूचनाही माधवरावांचीच. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

म्हणून तुमच्या चित्राची खालची कडा बघा. बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि 'कारला-लोणावळा' असेल, तर जपाच. लॅमिनेशन मुळीच नको, मागून चिकटपट्टी लावू नका, पुठ्ठ्यावर डिंकानं डकवू नका. फ्रेमवाल्याकडून काच आणि चित्र यांच्यात माउंट, म्हणजे कडेनं जाड कागदाची चौकट, घालून घ्या, म्हणजे कागद काचेला चिकटणार नाही. समई जरा लांब सरकवा. काजळी आणि ऊन या दोन गोष्टींनी मी किती लक्ष्म्या काळ्या पडलेल्या बघितल्यात!

सोमवार सोडून या, त्या दिवशी राजवाडा आणि म्युझियम दोन्ही बंद. जेवायला वेळ नसेल तर सेव-उसळ खा, आईंना तिखट कमी सांगा. आणि त्यांनी म्युझियमच्या दारात चपला काढल्याच तर काढू द्या. फरशी गार असते, पर्समध्ये पायमोजे ठेवा.